तक्क्याचं पोट

तक्क्याला काय खायला घालावं याबद्दल घरच्या माणसांची तीन मतं होती. सासरे म्हणत, कुत्र्याला घरात शिजलेलं लागतं, विकतच्या पोत्यातले कोरडे खडे चावून का कुणी जगतं? नवरा मालवाहू बोटीवर होता. तो फोनवरून सांगे की पोत्यातलंच द्या, त्यात सगळं मोजूनमापून घातलेलं असतं. नणंदेनं कुठंतरी वाचलं होतं की कुत्रा हा मुळात लांडगाच, त्याला कच्चं मांस हवं. तक्क्याला तिन्ही मतं मान्य होती. सुनेला मत नव्हतं. तिला फरशी पुसावी लागे.

त्या आठवड्यात ती पुन्हा पुन्हा पुसावी लागली. कामावरून दार उघडून आत यावं, तर दाराआतल्या बोळातच काहीतरी पिवळं, फेसाळ पडलेलं असे आणि पलीकडे तक्क्या भिंतीकडे तोंड करून बसलेला, जणू हे कुणा पाहुण्यानं केलंय. ती बूट न काढताच बादली आणायला जाई.

तक्क्या सासूबाईंचा. मातकट रंगाचा, आखूड पायांचा, लांबोडका. कुठल्या जातीचा, ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. बसला की भिंतीला लावलेल्या तक्क्यासारखा दिसे, म्हणून सासूबाईंनीच ते नाव ठेवलेलं. त्या गेल्या तेव्हा त्यानं अन्न सोडलं. नणंदेनं लाडीगोडी लावून पाहिली, नवऱ्यानं दटावून पाहिलं, शेजारणीनं उकडलेली अंडी आणून दिली. तो बघायलाही तयार नव्हता. शेवटी सासरे दुखऱ्या गुडघ्यासकट जमिनीवर बसले, भात आणि कोंबडी एकत्र कालवली आणि हात त्याच्या तोंडापुढे धरला. बराच वेळ धरून ठेवला. हात भरून आला तेव्हा तक्क्यानं तो चाटला, आणि मग खाल्लं. त्या दिवसापासून त्याचं खाणं सासऱ्यांकडे गेलं ते गेलंच.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शिकवणारे मास्तर नव्हेत. त्यांची सगळी उमर एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात कापड कापण्यात गेली होती. माणूस दारातून आत आला की त्याच्या खांद्याचं माप ते नजरेनंच घेत, आणि टेप लावली की आकडा तोच निघे. बायको गेल्यावर त्यांनी फारसा आवाज केला नाही. सकाळी दाढी करायची, इस्त्रीचा सदरा घालायचा, खिडकीशी पेपर वाचायचा आणि तक्क्याला खायला घालायचं, एवढं त्यांचं चालू राहिलं.

सून हॉस्पिटलात कामाला होती. शस्त्रक्रियेची हत्यारं तळघरातल्या एका खोलीत येत. ती धुवायची, चिमटे आणि कात्र्या एकेक करून मोजायच्या, ट्रेमध्ये लावायच्या, कापडात बांधायच्या आणि वाफेच्या यंत्रात सरकवायच्या. एखादा चिमटा कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. दिवसभर उभं राहायचं काम. घरी येईपर्यंत पावलं पावासारखी फुगत. मग घरी आल्यावर पुन्हा मोजदाद: मास्तर जेवले का, औषध घेतलं का, तक्क्यानं काय खाल्लं, काय टाकलं.

एका सकाळी तक्क्या पाठीची कमान करून नुसता उभा राहिला. बसेना, झोपेना. पोटाला हात लावला की कण्हायचा. सुनेनं रजा टाकली, त्याला चादरीत गुंडाळून टॅक्सीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मास्तर मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टरीण तरुण होती, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं रक्त काढलं, पोट दाबून पाहिलं, वजनकाट्यावर चढवलं आणि काट्याकडे बघून भुवया वर केल्या. स्वादुपिंडाला सूज आली होती. शिवाय वजन इतकं, की मागचे पाय ते फार दिवस उचलणार नाहीत, असं ती म्हणाली. मग तिनं दोघांना समोर बसवून समजावलं. याला चरबी चालणार नाही. कातडी नाही, लोणी नाही, ताटातलं उरलंसुरलं नाही. कमी चरबीचं खाणं, या कपानं मापून, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. बाकी काही नाही, आणि बिस्किट हेसुद्धा ‘काही’मध्येच येतं.

सुनेनं विचारलं की घरी शिजवलेलं चालेल का. चालेल, डॉक्टरीण म्हणाली, पण रोज वेगळं शिजवायचं, तोलायचं, वरून पूरक औषधं घालायची, हे करायला कुणी आहे का? सुनेला आपलं स्वतःचं जेवण आठवलं, ओट्याशी उभ्यानं उरकलेलं. ती म्हणाली, पोतंच घेते.

मास्तरांनी प्लास्टिकचा तो कप उलटापालटा करून पाहिला. त्यावर रेघ होती. “रेघेपर्यंत?” त्यांनी विचारलं. रेघेपर्यंत, डॉक्टरीण म्हणाली. त्यांनी मान डोलावली, जसं गिऱ्हाईकानं सांगितलेलं डोक्यात नोंदवून घ्यावं.

येताना ते प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात थांबले. छतापर्यंत पोत्यांची थप्पी. प्रत्येक पोत्यावर एकेक कुत्रा हसत होता. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी वेगळं, पिल्लांसाठी वेगळं, घरातच बसून राहणाऱ्यांसाठी वेगळं, धान्य नसलेलं, मासळीचं, हरणाच्या मांसाचं. दुकानदार बोलका होता. चकचकीत केसांसाठी त्यानं एक पोतं पुढे केलं, मग सांध्यांसाठी दुसरं, मग खास नखरेल कुत्र्यांसाठी तिसरं. सून पोती फिरवून मागची बारीक अक्षरं वाचत राहिली. चरबीचा आकडा प्रत्येकावर कोपऱ्यात लपवलेला. तिचे डोळे मिटायला आले होते. मासळीच्या पोत्यावर टेकून क्षणभर झोपावं, असं तिला खरोखर वाटलं. शेवटी जे पोतं सगळ्यात साधं दिसत होतं आणि ज्यावरचा कुत्रा सगळ्यात कमी हसत होता, त्यावरचा आकडा डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता तेवढा निघाला.

थोडे दिवस सुखाचे गेले. ओकाऱ्या थांबल्या. तक्क्या खडे नाखुशीनं, पण खायला लागला. आणि मग सगळं परत सुरू झालं. बोळ, बादली, फडकं. वजन उतरायचं सोडून चढलं. जे पोतं महिनाभर पुरायला हवं होतं, त्याचा अर्ध्या महिन्यातच तळ दिसला.

सुनेनं मास्तरांना आधी सहज विचारलं, तुम्ही त्याला मधूनच काही देता का. ते नाही म्हणाले. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, रेघेपर्यंत. मग पोतं कसं संपलं, या तिच्या प्रश्नावर ते म्हणाले की पोतं लहान असेल, हल्ली सगळीकडे मापात मारतात. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली कोंबडी गायब होती, आणि तिनं पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले, जरा घुश्शातच. त्या संध्याकाळी ती गुडघ्यावर बसून बोळ पुसत होती, आणि मास्तर पलीकडे उभे राहून म्हणाले की या पोत्यातच काहीतरी खोट आहे, मी पहिल्यापासून सांगतोय. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं.

“अण्णा, मला खोटं सांगू नका. पुसायला मला लागतं.”

मास्तरांनी हातातल्या पेपरची घडी केली, ती घडीवर घडी घालून आणखी लहान केली आणि आपल्या खोलीत गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. जेवायला येत, ताट धुऊन ठेवत, जात. एरवी तिला दर वाक्यात ‘सूनबाई’ म्हणायची त्यांची सवय. तीही बंद झाली. नणंदेचा फोन आला. अण्णांना खोटारडं म्हणालीस म्हणे, तिनं विचारलं. सुनेनं पोत्याचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं. नणंद म्हणाली की एका कुत्र्यापायी घरात वितुष्ट नको. कुणाला तरी देऊन टाका, मी बघते कोण घेतं ते. सुनेनं बघा म्हटलं. ती इतकी दमली होती की त्या वेळी कुणी मास्तरांनाच न्यायची तयारी दाखवली असती तरी तिनं बघा म्हटलं असतं, आणि हे मनात आलं म्हणून नंतर तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग एके दिवशी हॉस्पिटलातलं वाफेचं यंत्र बिघडलं. दाराची रबरी पट्टी गेली, वाफ बाहेर यायला लागली, आणि कारागीर येईपर्यंत तळघर बंद ठेवायचं ठरलं. हाती राहिलेले ट्रे दुसऱ्या इमारतीत पाठवून सून भर दुपारी घरी आली.

तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. मास्तर पाठमोरे उभे होते आणि तक्क्याचं खाणं मापत होते. कप खड्यांनी भरला, डोळ्यांसमोर आडवा धरला, रेघेवरचे चार खडे अंगठ्यानं परत पोत्यात ढकलले. मग वाटीत ओतला. तक्क्यानं खाल्लं. मास्तरांनी वाटी धुतली आणि पालथी घातली. सून बोळातल्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. खाण्याची ही वेळ नव्हती. पण माप इतकं काटेकोर होतं की तिला बरं वाटलं. आपण उगाच बोललो त्यांना, असं तिच्या मनात आलं. जाऊन सांगावं म्हणून ती उठणार, एवढ्यात आत खुर्ची सरकली.

“अरे, तुला कुणी दिलंच नाही का रे?” मास्तर तक्क्याला म्हणत होते. “सकाळपासून तसाच बसलायस होय?”

आणि त्यांनी पुन्हा कप घेतला. पुन्हा डोळ्यांसमोर आडवा धरला, पुन्हा रेघेवरचे खडे अंगठ्यानं मागे ढकलले. तक्क्यानं दाराच्या फटीतून सुनेकडे एकवार पाहिलं आणि समोर आलेल्या अन्नाला नाही म्हणणं बरं नव्हे, अशा चेहऱ्यानं वाटी साफ केली. मास्तरांनी वाटी धुतली, पुसली, पालथी घातली. पेपर उघडला. दोन पानं उलटून झाली असतील-नसतील, ते परत उठले. या वेळी फ्रिज उघडला आणि कालची कोंबडी काढली, कातडीसकट. हे करताना ते तक्क्याशी सासूबाईंच्या सुरात बोलत होते. नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता, निदान त्यांच्या लेखी तरी. दर वेळी ते पहिल्यांदाच वाढत होते.

सून बराच वेळ तशीच बसली, एक बूट पायात आणि एक हातात. मग तिनं मुद्दाम दार वाजवलं आणि आत गेली. आज लवकर कशी, त्यांनी विचारलं. अबोला धरलाय हेही ते विसरले होते. तिनं यंत्राचं सांगितलं. तक्क्याला दिलं का, असं तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, देतोच आता, बिचारा केव्हाचा उपाशी आहे.

तिनं ओट्यावरची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली. “ओली आहे, अण्णा.”

मास्तरांनी वाटीच्या आतून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. कोटाचं महागाचं कापड चुकीच्या बाजूनं कापलं गेलं की माणूस जसं पाहील, तसे ते त्या वाटीकडे पाहत राहिले.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“मी आल्यापासून तीनदा.”

ते खुर्चीवर बसले. तीही समोर बसली. मधे तक्क्या जमिनीवर पसरला होता, फुगलेलं पोट एका कुशीला टाकून.

“त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो,” मास्तर म्हणाले.

“ठाऊक आहे मला. आज कळलं.”

“मला वाटत होतं, तूच चोरून देतेस आणि माझ्यावर ढकलतेस.” त्यांनी हातातली वाटी पालथी केली. “काहीतरी विसरलोय हे मला कळतं गं. काय विसरलोय, ते कळत नाही. विचारायचं तरी कुणाला आणि काय?”

हे कधीपासून चाललंय, असं तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली. तेही त्यांना सांगता येईना. जुन्या गिऱ्हाइकांची मापं त्यांना अजून तोंडपाठ होती, कुणाचा डावा खांदा उतरता आणि कुणाची एक बाही आखूड, सगळं. सकाळचं मात्र दुपारपर्यंत टिकत नव्हतं. मुलीला सांगू नकोस, ते म्हणाले. सांगावं लागेल, ती म्हणाली, पण आज नको. मग दोघं चहा प्यायले. बोळ त्या दिवशी मास्तरांनी पुसला.

माणसांच्या डॉक्टरची वेळ मिळायला बरेच दिवस लागणार होते. जनावरांच्या डॉक्टरकडे मात्र दुसऱ्याच दिवशी जाता आलं, म्हणून सून आधी तिथे गेली. एकटीच गेली. सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की हे ती पहिल्यांदाच कुणाजवळ तरी मोठ्यानं बोलतेय. डॉक्टरीण चष्मा कपाळावरून खाली घेऊन ऐकत होती. खाणं तुम्हीच सकाळ-संध्याकाळ देत जा, असं ती म्हणेल, अशी सुनेची अटकळ होती. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं की सासऱ्यांना द्यायला आवडतं का. त्यांना दुसरं काही कामच उरलेलं नाही, सून म्हणाली.

मग त्यांनाच देऊ द्या, डॉक्टरीण म्हणाली. सुजलेल्या स्वादुपिंडाला खरं तर थोडं थोडं, पुष्कळदा दिलेलं जास्त मानवतं. दोन वेळा सांगितलं ते तुमच्या सोयीसाठी. दिवसाचं सगळं खाणं सकाळीच एका डब्यात काढा. कपाऐवजी चमचा ठेवा. खडे बारीक दाण्याचे घ्या, म्हणजे चमचाभरातही पुष्कळ वाटतात. डब्यातलं कितीही वेळा दिलं तरी दिवसाचं माप चुकायचं नाही. कोंबडी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका.

सुनेनं तसं केलं. पोतं आपल्या कपाटात ठेवलं. मास्तर बघत होते. ती तशीच दार लावून वळली, तेव्हा त्यांनीच सांगितलं की कुलूप घाल. त्यांनी ते इतक्या साधेपणी सांगितलं की तिला किल्ली फिरवताना जड गेलं.

डबा चांगला चालला. मास्तर चमच्यानं वाढत, विसरत, पुन्हा वाढत. तक्क्याला हा काळ आयुष्यातला सगळ्यात चांगला वाटत असावा, कारण दर थोड्या वेळानं त्याच्यापुढे जेवण येत होतं. ओकाऱ्या थांबल्या. पण डब्याला तळ असतो, हे सुनेच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका दुपारी तळघरातला फोन वाजला. तिचे हात कोपरापर्यंत हातमोज्यांत होते. दुसऱ्या बाईनं फोन तिच्या कानाशी धरला. प्राण्यांच्या खाण्याचा दुकानदार बोलत होता. कुत्र्याच्या पट्ट्यावर सुनेचा आणि शेजारणीचा असे दोन नंबर होते, सुनेचा मोबाइल कामावरच्या कपाटात नुसताच वाजत राहिला, म्हणून त्यानं शेजारणीला लावला, आणि तिनं हा तळघरातला नंबर दिला... हे सगळं सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. तुमचे सासरे इथं आहेत, तो म्हणाला, बरे आहेत, पण घरी कसं जायचं ते त्यांना सांगता येत नाहीये.

अर्धा लावलेला ट्रे सोडून जायचं नसतं. तिनं तो मोजून दुसरीच्या हवाली केला, तिनं तो परत मोजला, आणि तेवढा वेळ सून दाराशी उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली.

मास्तर दुकानात एका पोत्यावर ताठ बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. तक्क्या पायरीवर होता. डबा रिकामा झाला होता, म्हणून ते खाणं घ्यायला निघाले होते. दुकान बरोबर सापडलं. परतीची वाट मात्र हरवली. तक्क्याला घर माहीत होतं, पण असं दुकान सोडून घरी जाण्याइतका तो वेडा नव्हता. तो पायरीवर बसला तो उठेचना. दुकानदारानं कौतुकानं त्याला चघळायला एक मोठा चरबट तुकडा दिला होता. सुनेला ओरडायचं होतं, पण तेवढं बळ नव्हतं. तिनं त्याचे आभार मानले आणि तो तुकडा तक्क्याच्या तोंडातून ओढून खिशात टाकला.

घरी जाताना तिघांची चाल एकसारखीच होती. कोपऱ्यावरच्या बाकावर ती बसली, कारण पुढे चालवेना. मास्तर शेजारी बसले. रस्त्यावरून माणसं पटापट जात होती.

“सूनबाई, याला कुणाला तरी देऊन टाक,” मास्तर म्हणाले. “ताई म्हणते ते बरोबर आहे. तुझ्या जिवाला दोन दोन घोर नकोत.”

तिला मोह झाला. खोटं कशाला सांगा. संध्याकाळी दार उघडल्यावर बोळ कोरडा आणि एकच माणूस सांभाळायचं, हे चित्र तिनं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. मग त्या चित्रातले मास्तर तिला दिसले: खिडकीशी, पेपरचं तेच पान धरून, आणि उठायला काही कारणच नाही.

“तो गेला तर तुम्ही दिवसभर काय कराल?” तिनं विचारलं.

“बसेन.”

“बसून काय कराल?”

तक्क्या तिच्या खिशाला नाक लावून उभा होता. तिनं त्याला ढकललं. “राहू दे,” ती म्हणाली. “हा कुठं जातो आता. याला घेणार तरी कोण?”

त्या आठवड्यात नणंद आली. सुनेनं काही सांगितलं नाही. फक्त दुपारभर थांबा म्हणाली. संध्याकाळी नणंद डोळे पुसत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, वहिनी, तू किती दिवस हे एकटी बघतेयस? कच्च्या मांसाचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. आठवड्यातून दोन दुपारी ती यायला लागली. माणसांच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या आणि जे घरच्यांना आधीच कळलं होतं, ते लॅटिन नावासकट सांगितलं. बोटीवरून नवऱ्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की ही फेरी संपली की किनाऱ्यावरचं काम बघतो. तो बघेल तेव्हा खरं, सुनेनं मनात म्हटलं, पण तोंडानं बरं म्हटलं.

डब्याचा प्रश्न लाल भोपळ्यानं सोडवला. तीही डॉक्टरीणबाईंचीच कल्पना. मीठ न घालता भोपळा आणि घेवड्याच्या शेंगा उकडायच्या, बारीक फोडी करायच्या आणि दुसऱ्या डब्यात भरून ठेवायच्या. हे कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. खड्यांचा डबा संपला की हा डबा. तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. तक्क्यानं पहिल्या दिवशी भोपळ्याची फोड तोंडात घेतली आणि सुनेच्या पायाशी आणून ठेवली, चुकून आपल्याकडे आलेलं टपाल परत करावं तशी. चार दिवसांनी तो तीही खायला लागला. भोपळ्याच्या फोडी मास्तर स्वतः करत. त्या सगळ्या एका आकाराच्या होत, पट्टी लावून पाहिल्या तरी.

तक्क्याचं वजन हळूहळू उतरलं. तो जिना न थांबता चढायला लागला. मास्तर उतरणीला लागले होते, आणि ते थांबणारं नव्हतं. काही दिवस बरे जात, काही दिवस ते सुनेला मुलीच्या नावानं हाक मारत. ती ओ देई. दुरुस्त करत बसायला वेळही नसे.

एका संध्याकाळी ती घरी आली ती बोळातल्या स्टुलावर बसली, आणि तिला उठवेना. कामावर एक कात्री कमी भरली होती. सगळ्यांनी मिळून कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या तेव्हा कुठे ती एका चादरीच्या घडीत सापडली. आतून मास्तर आले, मागोमाग तक्क्या. तू काही खाल्लंस का, त्यांनी विचारलं. कँटीनमध्ये खाल्लं, ती म्हणाली. बरं, म्हणून ते आत गेले. तिनं डोकं भिंतीला टेकलं. थोड्या वेळानं ते पुन्हा दारात आले.

“काही खाल्लंस का गं?”

तिनं डोळे उघडले. “नाही, अण्णा.”

ते आत गेले. सुरीचा आवाज आला. मग ते बशी घेऊन आले. बशीत पावाचे चार तुकडे होते, लोणी लावलेले. तिनं ती मांडीवर घेतली. मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, ती खाते की नाही ते बघत. तक्क्या तिच्यासमोर येऊन बसला.

“याला देऊ नकोस,” मास्तर म्हणाले. “लोणी चालत नाही त्याला.”

तिनं मान हलवली आणि पाव खाल्ला, सावकाश, सगळा.